चित्राखालची नावं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझी ओळख करून देताना आत्ता 'व्याख्याते' हा शब्द वापरला गेला, तेव्हा मागच्या रांगेतून आलेलं हसू मला ऐकू आलं. हसणाऱ्यांचं काही चुकलेलं नाही. नववी 'ब'मध्ये ज्यांनी मला बाकावर उभं राहिलेलं पाहिलंय, त्यांच्यासमोर व्याख्याता म्हणून उभं राहणं मलाही जड जातंय. मला वीस मिनिटं दिली आहेत. मागच्या अंगणातून मसालेभाताचा वास यायला लागलाय, त्यामुळे एकविसावं मिनिट मी घेतलं तरी तुम्ही ते ऐकणार नाही, हेही मला माहीत आहे.

समितीचा फोन आला तेव्हा मला बजावलं होतं, "आयुष्यभर जे शिकवलंस त्यातलंच काहीतरी सांग. पण आम्हाला कळेल असं सांग." मी अठ्ठावीस वर्षं आर्किटेक्चरच्या मुलांना वास्तुकलेचा इतिहास शिकवला. त्यातला माझा आवडता धडा आज घेऊन आलो आहे. साडेचारशे-पाचशे वर्षांपूर्वी इटलीत छापलेल्या इमारतींच्या चित्रांचा हा धडा आहे. तुम्ही म्हणाल, त्याचा आपल्या शाळेशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो या सभागृहापासून पन्नास पावलांवर आहे.

ड्रॉइंग हॉलच्या बाहेरच्या व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीकडे वळताना, भिंतीवर काळ्या शाईने काढलेलं एक चित्र आहे. पाच खांब शेजारीशेजारी उभे आहेत. पहिला साधा, शेवटचे दोन पानाफुलांनी मढलेले. आज सकाळी मी मुद्दाम लवकर येऊन पाहिलं. काच एका कोपऱ्यात तडकली आहे, कागद चहासारखा पिवळा झाला आहे, पण चित्र आहे. खाली माझं नाव आहे, 'इयत्ता नववी' आहे, आणि 'प्रथम क्रमांक' आहे. त्या चित्राबद्दल मला आज काही सांगायचं आहे. ते शेवटी सांगतो. आधी ते पाच खांब इथपर्यंत आले कसे, ते ऐका.

खांब मुळात ग्रीकांचे आणि रोमनांचे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस नावाच्या एका रोमन वास्तुकाराने बांधकामावर दहा भागांचा ग्रंथ लिहिला आणि तो सम्राट ऑगस्टसला अर्पण केला. प्राचीन काळातला वास्तुकलेवरचा तेवढा एकच ग्रंथ आपल्यापर्यंत पूर्ण पोहोचला. पण गंमत अशी, की मजकूर पोहोचला आणि चित्रं वाटेतच हरवली. हाताने नकला करणाऱ्यांना लॅटिन अक्षरं उतरवता येत होती, आकृत्या उतरवणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. भूमितीच्या पुस्तकातल्या सगळ्या आकृत्या कापून घेतल्या आणि 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे' एवढं वाक्य ठेवलं तर कसं होईल? हजार-दीड हजार वर्षं व्हिट्रुव्हियस तसा वाचला जात होता.

छपाई आली आणि १४८६च्या सुमारास हा ग्रंथ रोममध्ये छापून निघाला, तरी चित्रांची अडचण तशीच राहिली. त्या आधी अल्बेर्तीने याच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला होता. तो १४८५ साली फ्लॉरेन्सला छापला गेला, त्यातही चित्रं नाहीत. मग १५११ साली व्हेनिसमध्ये फ्रा जोकोंदो नावाच्या विद्वान भिक्षूने व्हिट्रुव्हियसची नवी आवृत्ती काढली आणि तिच्यात १३६ चित्रं घातली. शब्द वाचून, पडक्या इमारती पाहून, त्याने हरवलेल्या आकृत्या पुन्हा काढल्या. तिथून पुढे गवंडी, सुतार, सरदार, सावकार, ज्याला लॅटिन येत नाही असा कुणीही चित्र पाहून म्हणू शकत होता, "मला असं हवं."

आता ही चित्रं छापायची कशी, हे थोडं सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. एक रीत लाकडी ठशाची. रेघ तेवढी उंच ठेवायची आणि बाकीचं लाकूड कोरून काढायचं. रबरी शिक्का डोळ्यांसमोर आणा. असा ठसा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच पानावर बसतो, म्हणून पुस्तकाला स्वस्त आणि सोयीचा. दुसरी रीत तांब्याच्या पत्र्याची. इथे सगळं उलट. टोकदार कोरणीने पत्र्यावर रेघ खोदायची. मग पत्रा शाईने माखायचा, वरची शाई पुसून काढायची, म्हणजे ती फक्त खोदलेल्या रेघांत उरते. त्यावर दमट कागद ठेवून दोन जड रुळांमधून ओढायचा. कागद रेघेत दाबला जातो आणि शाई उचलून आणतो. केसासारखी बारीक रेघ या रीतीने येते. पण पत्रा झिजतो, मग रेघा पुन्हा खोलवाव्या लागतात. शिवाय पत्र्यावर सगळं उलटं कोरावं लागतं. खांबाला डावं-उजवं नसतं, त्यामुळे खांब सुटतो. अक्षरं मात्र आरशातल्यासारखी उलटी कोरायची. आपल्याला सरळ शुद्धलेखन जमत नव्हतं, ते आठवून या माणसांना नमस्कार करावा.

या पत्र्यांवरून रोममध्ये मोठा धंदा उभा राहिला. आंत्वान लाफ्रेरी नावाचा एक गृहस्थ रोमला येऊन स्थायिक झाला आणि त्याने प्राचीन रोमची चित्रं छापून विकायला सुरुवात केली. पँथिऑन, कलोझियम, विजयकमानी, पुतळे. यात्रेकरू, परदेशी सरदार, विद्वान दुकानात यायचे, हवी ती पानं निवडायचे आणि घरी जाऊन बांधून घ्यायचे. त्यामुळे त्या संग्रहाची कोणतीही दोन पुस्तकं एकसारखी नाहीत. १५७०च्या दशकात त्याने त्यासाठी एक मुखपृष्ठही छापलं. त्याचा अर्थ साधारण 'रोमच्या वैभवाचा आरसा' असा. माझी मुलगी परदेशात शिकत होती तेव्हा तिथल्या एका संग्रहालयात मला यातलं एक पान टेबलावर ठेवून पाहायला मिळालं. पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर अजून होता. बोटाखाली लागावा इतका. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी तो रूळ फिरवला होता.

पण धंदा निराळा आणि विद्या निराळी. ही चित्रं पाहून इमारत सुंदर वाटते, पण बांधता येत नाही. बांधायला माप लागतं. ते माप तिघांनी दिलं.

पहिला सेबास्तियानो सेर्लिओ. १५२८ साली व्हेनिसमध्ये त्याने आगोस्तिनो व्हेनेझियानो या कोरणाऱ्या कारागिराला बरोबर घेऊन खांबांचे तळखडे, स्तंभशीर्षं आणि त्यावरच्या आडव्या पट्ट्यांची ९ चित्रं छापली. १५३७ साली त्याने पुस्तकच काढलं आणि पाचही प्रकारचे खांब एका पानावर ओळीने उभे केले. टस्कन, डोरिक, आयोनिक, कोरिंथियन आणि कॉम्पोझिट. व्हरांड्यातल्या चित्राचा खापरपणजोबा म्हणजे हे पान. सेर्लिओने पुस्तक लिहिलं तेही बोलीभाषेत, इटालियनमध्ये. आणि त्याच पुस्तकात त्याने स्वच्छ लिहून ठेवलं, की यात जे काही चांगलं आहे त्याचं श्रेय माझे गुरू बाल्दासारे पेरुत्सी यांचं आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, मला ते पुढे लागणार आहे.

दुसरा विन्योला. १५६२ साली रोममध्ये त्याने पाच खांबांच्या नियमांचं पुस्तक काढलं. तांब्याच्या पत्र्यावरची ३२ पानं, आणि मजकूर जवळजवळ नाहीच. आपल्या गणिताच्या सरांना हे पुस्तक फार आवडलं असतं. त्याची अडचण अशी होती, की त्या काळी इटलीतल्या प्रत्येक गावाचा फूट वेगळा. रोमचा वेगळा, व्हेनिसचा वेगळा. आपल्याकडे नाही का, हात आणि गज गावागणिक बदलायचे? तेव्हा फुटात माप दिलं तर पुस्तक वेशीबाहेर निरुपयोगी. विन्योला म्हणाला, फूट नकोच. खांबाच्या बुंध्याची अर्धी जाडी, हेच माप धरा. त्याला त्याने मोड्यूल म्हटलं. टस्कन खांब अशा १४ मोड्यूल उंच, डोरिक १६, आयोनिक १८, कोरिंथियन आणि कॉम्पोझिट २०.

आणखी एक युक्ती. पूर्ण उंचीचे १९ भाग करा. ४ भाग खालची बैठक, १२ भाग खांब, ३ भाग वरची आडवी पट्टी. समजा आपल्या या सभागृहाची भिंत १९ फूट आहे. झालं काम! बैठक ४ फूट, खांब १२ फूट, पट्टी ३ फूट. खांब डोरिक हवा असेल तर १२ फुटांचे १६ भाग करा, एक भाग ९ इंच, म्हणजे बुंधा दीड फूट जाड. त्रैराशिक येणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीला हे जमेल. रोम पाहण्याची गरज नाही, लॅटिनची नाही, राजाश्रयाचीही नाही. तुमच्या गावचा फूट कसाही असो. पुढची तीनशे-साडेतीनशे वर्षं युरोपभर वास्तुकलेचा पहिला धडा म्हणजे विन्योला. मी कॉलेजात पहिल्या वर्षाला गेलो तेव्हा आम्हालाही हेच खांब याच हिशोबाने काढायला लावले होते.

तिसरा पाल्लादिओ. १५७० साली व्हेनिसमध्ये त्याचे वास्तुकलेवरचे चार भाग छापले गेले, लाकडी ठशांच्या चित्रांसह. त्याने एक धाडस केलं. प्राचीन रोमन देवळांची चित्रं तर दिलीच, पण स्वतः बांधलेल्या घरांचीही दिली, आणि आकृतीवरच मापं लिहिली. व्हिचेन्झा गावात एका जुन्या सभागृहाभोवती त्याने दुमजली कमानींचा पट्टा चढवला होता. जुन्या इमारतीचे गाळे कमीजास्त रुंदीचे होते, तिथे सारख्या कमानी बसेनात. मग त्याने मधल्या कमानी सगळ्या सारख्या ठेवल्या आणि दोन्ही बाजूंच्या लहान फटी कमीजास्त केल्या. फरक डोळ्याला कळतही नाही. ती मांडणी सेर्लिओच्या पुस्तकात आधीच छापलेली होती. पाल्लादिओने ती उचलली, पण जिथे अडलं होतं तिथे वापरली.

मग ही पुस्तकं निघाली प्रवासाला. सेर्लिओचं पुस्तक १५३७ सालचं. दोनच वर्षांत, १५३९ साली, अँटवर्पच्या पीटर कूक व्हान आल्स्टने त्याची फ्लेमिश आवृत्ती काढली, तीही सेर्लिओला न विचारता. मग जर्मन, मग फ्रेंच, मग स्पॅनिश. इंग्रजी आवृत्ती १६११ साली निघाली ती डचवरून केलेली, म्हणजे नकलेची नक्कल. उत्तरेकडचे कारागीर ही पानं पाहून आपल्या अरुंद, उभट घरांच्या दर्शनी भिंतींवर खांबांच्या रांगा चढवू लागले. अँटवर्पच्या नगरभवनाचं काम १५६१ साली सुरू झालं आणि चार वर्षांत तिथे खांबांचे मजले एकावर एक उभे राहिले.

कागदावरून आलेल्या विद्येत एक धोका असतो, तो मी स्वतः चांगला भोगला आहे. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलो होतो. एका ओळखीच्या गृहस्थांचा बंगला मिळाला. मी पुस्तक उघडलं आणि पोर्चला झकास खांब आणि वर तीन थरांची आडवी पट्टी काढली. प्रमाण अगदी विन्योलाच्या हिशोबाचं. पहिल्या पावसात त्या पट्टीवरून पाणी मागे फिरून भिंतीत शिरलं आणि दिवाणखान्याला ओल आली. मिस्त्री माझ्याहून तीस वर्षांनी मोठे होते. ते पट्टीच्या पोटाशी बोट फिरवून म्हणाले, "साहेब, इथं पाणी तुटायला खाच पाहिजे होती. कागदावर पाऊस पडत नाही." मालकांचं नुकसान मी भरून दिलं. मिस्त्रींचं वाक्य मात्र मी पुढे दर वर्षी पहिल्या तासाला मुलांना फुकट दिलं.

हे वाक्य खरं कसं आहे ते आपल्या शेजारीच पाहता येतं. जुन्या गोव्याचं बॉम जीझसचं चर्च तुमच्यापैकी बहुतेकांनी सहलीत पाहिलं आहे. दहावीच्या सहलीत आपण तिथे दोन मुलं विसरून बसमध्ये बसलो होतो, तेच. १५९४ साली काम सुरू झालं, १६०५ साली ते पूर्ण होऊन तिथे उपासना सुरू झाली. पोर्तुगालच्या वास्तुकारांवर सेर्लिओच्या पुस्तकांचा मोठा प्रभाव होता, आणि त्यांच्याबरोबर ते सगळे खांब इथे आले. पुढची भिंत पुन्हा नीट पाहा. मजल्यागणिक खांबांचा प्रकार बदलत जातो. पण दगड कुठला? भिंती इथल्या जांभ्याच्या. कोरीव कामाचा काळा दगड वसईकडून आणला, असं सांगतात. तो घडवणारे हात इथल्या पाथरवटांचे. इटलीच्या पुस्तकात जांभा नव्हता आणि कोकणातला पाऊसही नव्हता. जांभा पाणी पितो, म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा द्यायची इथली रीत. १९५०च्या दशकात कुणाला वाटलं, की उघडा दगड जास्त प्राचीन दिसतो. गिलावा काढला. आज त्या भिंतींची झीज पाहून जाणकार हळहळतात. चारशे वर्षांपूर्वीच्या बांधणाऱ्यांना जे कळलं होतं, ते चित्र पाहून कळणारं नव्हतं.

म्हणून मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळचा वाटतो तो इनिगो जोन्स हा इंग्रज. त्याच्याकडे पाल्लादिओचं पुस्तक होतं. १६१३-१४ साली तो इटलीला गेला तो पुस्तक बरोबर घेऊन. व्हिचेन्झाला इमारतीसमोर उभा राहायचा, पान उघडायचा, आणि चित्र आणि इमारत यांत कुठे फरक आहे ते समासात लिहायचा. ती प्रत आजही ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजात आहे. परत आल्यावर १६१६ साली त्याने ग्रीनिचला राणीचं घर बांधायला घेतलं आणि इंग्लंडची वास्तुकला बदलून टाकली. पुस्तकावर त्याची श्रद्धा होती, पण ती तपासून पाहण्याची.

आता चित्रांच्या तळाशी येतो. तुम्ही असं जुनं छापील चित्र पाहिलंत, तर खालच्या कडेला बारीक अक्षरं पाहा. पुढेपुढे अशी पद्धत रूढ झाली, की नावांपुढे लॅटिन शब्द घालायचे. 'इन्व्हेनिट' म्हणजे कल्पना याची. 'डेलिनेआविट' म्हणजे रेखाटलं याने. 'स्कल्प्सिट' म्हणजे पत्रा याने कोरला. 'एक्सकुडिट' म्हणजे छापून विकलं याने. चार कामं, चार माणसं. पण सगळ्यांनी हे पाळलं नाही. लाफ्रेरीच्या कितीतरी पानांवर त्याचं स्वतःचं नाव आहे आणि ज्याने डोळे फोडून तो पत्रा कोरला त्याचं नाही. उलटाही प्रकार झाला. मार्कान्तोनिओ राइमोंदी या नामांकित कोरणाऱ्याने ड्यूररच्या चित्रांची हुबेहूब नक्कल केली, ती ड्यूररच्या सहीचिन्हासकट. वासारीने लिहून ठेवलंय, की ड्यूरर व्हेनिसला जाऊन तक्रार करून आला आणि निकाल लागला तो एवढाच, की नक्कल करा, पण त्याचं चिन्ह घालू नका.

हा भाग मी वर्गात दर वर्षी शिकवायचो. मुलं वह्या लिहायची. आणि दर वर्षी या ठिकाणी माझा आवाज थोडा खाली जायचा. का, ते माझ्या विद्यार्थ्यांना कधी कळलं नाही. ते आज तुम्हाला सांगतो.

नववीत असताना आंतरशालेय स्पर्धेसाठी मी आणि माझा बाकावरचा जोडीदार, आम्ही दोघांनी मिळून ते चित्र काढलं. ग्रंथालयातल्या एका जाड इंग्रजी ज्ञानकोशात ते पाच खांबांचं पान होतं. घरी न्यायची परवानगी नव्हती, म्हणून आठ दिवस मधल्या सुट्टीत आम्ही तिथे बसलो. चौकटी पाडणं, मापं मोठी करणं, रूलिंग पेनने सरळ रेघा मारणं हे माझं काम. पण शेवटच्या दोन खांबांवर अकँथसची पानं आहेत. ती वळतात, दुमडतात, एकीमागून दुसरी डोकावते. मी तीन कागद वाया घालवले. मग त्याने माझ्या हातातून टाक घेतला आणि एका दुपारीत दोन्ही स्तंभशीर्षं काढून टाकली. खाडाखोड नाही, पुसणं नाही. नाव एकाचंच घालता येत होतं. प्रवेशाचे पैसे माझ्या घरून आले होते, म्हणून माझं घातलं.

इथपर्यंत फार बिघडलं नव्हतं. चित्र लागल्यावर ड्रॉइंगचे सर समोर उभे राहिले. सरांचा नियम तुम्हाला आठवत असेल. कुठलंही चित्र पाहून काढलं, तर कशावरून काढलं ते खाली लिहायचं. ते मी लिहिलं होतं. 'ज्ञानकोशातील चित्रावरून.' सरांनी ते वाचलं, मान हलवली, आणि मग त्या पानांवर बोट ठेवून विचारलं, "ही पानं कुणी काढली?"

मी म्हणालो, "मीच, सर."

तो माझ्या शेजारीच उभा होता. काही बोलला नाही.

ते बक्षीस, ते प्रमाणपत्र, त्यातून वडिलांना पटलेलं 'पोराला आर्किटेक्चरला घालूया', हे सगळं त्या दोन शब्दांवर उभं आहे. सेर्लिओने आपल्या गुरूचं नाव पुस्तकात छापलं, हे मी अठ्ठावीस वर्षं कौतुकाने शिकवलं. शेजारी उभ्या असलेल्या मित्राचं नाव मला सांगता आलं नव्हतं.

तो दहावीनंतर शिकला नाही. तुम्ही सगळे त्याला ओळखता. या गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या एके काळी त्याच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आले आणि तो धंदा संपला. आता तो श्रावणापासून गणपतीच्या कारखान्यांत फिरतो. मूर्ती कुणीही रंगवली तरी डोळ्यांची आखणी करायला यालाच बोलावतात. आत्ता तो तिसऱ्या रांगेत खांबाआड बसलाय आणि माझ्याकडे बघत नाहीये.

मागच्या महिन्यात मी त्याला फोन केला आणि म्हटलं, मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अरे, ती पानं मी काढली होती हे मला माहीत होतं की. मग झालं." मी म्हटलं, तुझं झालं असेल, माझं नाही झालं. तर म्हणाला, "सांगायचंच असेल तर सरांना सांग."

सर, आपण इथे आहात. आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी चाळीस वर्षं उशिरा देतो आहे. ती पानं त्याने काढली होती. मी नाही.

माझी समितीला एक विनंती आहे. मेळाव्याच्या स्मरणिकेत ते चित्र छापायचं ठरलं आहे. त्याचा फोटो काढण्याआधी काच बदलावी, खर्च माझा. आणि खालची पट्टी नवी करावी. जुन्या छापील चित्रांवर असते तशी, कुणाचं काम कोणतं ते सांगणारी. पाहून काढलं ज्ञानकोशातल्या चित्रावरून, हे तर आहेच. मापं आणि रेघा माझ्या. स्तंभशीर्षं त्याची. त्याचं नाव मी इथे मुद्दाम उच्चारत नाही. ते जिथे असायला हवं होतं तिथेच, चित्राखाली, तुम्ही वाचावं अशी माझी इच्छा आहे. आणि नवी पट्टी लिहायची कुणी, हा प्रश्न पडला, तर या गावात त्याच्याइतकं सुबक अक्षर अजून कुणाचं नाही.

वीस मिनिटं झाली.